मरळीसाठी गरी टाकताय? आधी तंगूस नीट निवडा

पावसाळ्यात तलावात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली मोजून सोडली. शेणखत दिले, भाताचा कोंडा आणि ढेप दिली. उन्हाळ्याच्या तोंडावर जाळे ओढले, तर सोडलेल्या बोटुकलीचा हिशेब लागत नाही. चोरी झाली म्हणावे, तर रखवालदार रात्रभर पाळीवर होता. अशा तलावात बहुतेक वेळा चोर पाण्यातच असतो. तो म्हणजे मरळ.

नागपूर जिल्ह्यातील रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या भागांत आणि पुढे भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत मरळ मूळचीच आहे. ती बाहेरून आणून सोडावी लागत नाही. हवेतील प्राणवायू घेता येत असल्याने ती पावसात ओल्या बांधावरून, धुऱ्याच्या पाण्यातून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. ओढ जाळ्यात ती सहसा येत नाही. जाळे जवळ आले की चिखलात तोंड खुपसून बसते, नाहीतर वरच्या दोरावरून उडी मारून निघून जाते. बोटुकली सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून (एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे २,५०० किलो) नको असलेले मासे काढता येतात. एकदा बोटुकली सोडली की तो मार्ग बंद होतो. मग उरते ती गरी.

गरीने मरळ काढण्यात दुहेरी फायदा आहे. बोटुकली वाचते आणि जिवंत मरळीला रोहू-कटल्यापेक्षा चांगला भाव मिळतो. पण गरी टाकणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. मासा लागतो आणि तंगूस तुटतो. दोष माशाचा किंवा नशिबाचा नसतो, तंगूस चुकीचा असतो. दुकानात जो हाताला लागेल तो, किंवा मोबाईलवरच्या व्हिडिओत जो पाहिला तो, घेऊन आपण पाण्यावर जातो.

व्हिडिओतला मासा वेगळा, आपला वेगळा

इंटरनेटवर गरीच्या दोऱ्याबद्दलची बहुतेक माहिती अमेरिकेतील बास या माशासाठी दिलेली असते. बास आणि मरळ यांच्यात साम्य आहे, हे खरे. दोघेही दबा धरून बसणारे शिकारी. दोघांनाही पाणवनस्पतींचा आडोसा लागतो. बेडूक, लहान मासा असे हलते काही दिसले की दोघेही झडप घालतात. म्हणून तिकडचा काही सल्ला इकडे कामी येतो.

पण फरकही समजून घ्या. बासच्या तोंडात खरखरीत बारीक दात असतात. मरळीच्या जबड्यात मात्र अणकुचीदार दात असतात आणि ते तंगूस खरवडतात. तिकडे बरेचसे मासे नितळ पाण्यात पकडतात, म्हणून न दिसणाऱ्या बारीक दोऱ्याचे कौतुक जास्त. आपल्या गावतलावाचे पाणी वर्षातील बराच काळ गढूळ असते. त्यात हात बुडवला तर बोटे दिसत नाहीत. तिथे माशाला तंगूस दिसेल या काळजीने बारीक दोरा घेणे म्हणजे आपणच तो तुटायची सोय करणे.

मरळ लागल्यावर काय होते ते डोळ्यांसमोर आणा. बेशरमच्या झुडपाखाली किंवा जलपर्णीच्या कडेला ती बसलेली असते. आमिष गिळून ती मोकळ्या पाण्याकडे पळत नाही, उलट वळून त्याच गचपणात शिरते. तंगूस दोन-चार दांड्यांभोवती फिरतो. मासा असतो दीड किलोचा, पण तुम्ही ओढत असता मासा, जलपर्णीचा झुपका आणि बेशरमची मुळे, सगळे एकत्र. माशाच्या वजनावरून तंगूस निवडणारे इथेच फसतात. मरळीचा तंगूस निवडताना ती कोणत्या गचपणात बसली आहे, हे आधी पाहावे.

बाजारात मिळणारे चार प्रकार

पहिला प्रकार एकतारी नायलॉन तंगूस. फुलांच्या माळा आणि मणी ओवायला वापरतात त्याच जातीचा, पण गरीसाठी जाड घ्यायचा. तो ताणला जातो. चांगला एकतारी तंगूस तुटण्याआधी आपल्या लांबीच्या १५ ते ३० टक्के लांबतो. हा ताण हातगरीत वरदान आहे, कारण माशाचा हिसका दोरा स्वतः पचवतो. हाताला आणि बांबूला कमी झटका बसतो. गाठ चांगली बसते आणि किमतीलाही परवडतो. तोटा असा की तो पाणी शोषतो आणि भिजल्यावर त्याची ताकद दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त उतरते. उन्हाने तो ठिसूळ होतो. रिळावर बरेच दिवस राहिला की स्प्रिंगसारखी वेटोळी धरतो.

दुसरा प्रकार पिळाचा नायलॉन दोरा. जाळी विणणाऱ्यांना हा माहीत आहे. त्यावर २१०/२/३, २१०/४/३ असे आकडे असतात. २१० म्हणजे डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे वजन २१० ग्रॅम. पुढचे दोन आकडे सांगतात की असे किती धागे एका पेडात आहेत आणि एकूण पेड किती. मधला आकडा वाढला की दोरा जाड होतो. हा दोरा हाताला मऊ लागतो आणि गाठ सुटत नाही, म्हणून रात्री लावून ठेवायच्या लांब गरीच्या मुख्य दोरीसाठी तो योग्य. काठीच्या गरीसाठी नको. तो पाणी पिऊन जड होतो आणि दूर फेकला जात नाही.

तिसरा विणीचा दोरा. दुकानात याला ब्रेडेड म्हणतात. उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची वीण असते. तेवढ्याच जाडीच्या एकतारी तंगसापेक्षा तो दुपटीहून अधिक ओढ घेतो, पाण्यावर तरंगतो आणि जवळजवळ ताणला जात नाही. तीन-चार टक्के, बस. मरळ ज्या गचपणात राहते तिथे हा दोरा जलपर्णीचे देठ करवतीसारखा कापत बाहेर येतो. हा त्याचा खरा गुण. पण त्याच्या तोट्याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. न ताणला जाणारा बारीक दोरा हाताला गुंडाळून ओढला तर बोट हाडापर्यंत कापू शकतो. दगडावर घासला तर तो नायलॉनपेक्षा लवकर झिजतो. शिवाय साधी गाठ त्यावरून घसरते.

चौथा प्रकार फ्लोरोकार्बन. दिसायला नायलॉनसारखाच, पण पाण्यात कमी दिसतो, वजनाने जड असतो आणि लवकर बुडतो. व्हिडिओत याची स्तुती भरपूर. माझे मत स्पष्ट आहे: गढूळ गावतलावात यावर पैसा घालू नये. शिवाय मरळीसाठी बेडकाच्या आकाराचे आमिष पाण्यावर तरंगत ओढायचे असेल, तर बुडणारा दोरा आमिषाचे तोंड खाली खेचतो. हिवाळ्यात एखाद्या धरणाच्या नितळ पाण्यात टोकाला हातभर लावण्यापुरता तो ठीक आहे.

पाकिटावरचा आकडा कसा वाचावा

पाकिटावर दोन गोष्टी असतात, जाडी मिलिमीटरमध्ये आणि ताकद पौंडात किंवा किलोत. पौंडाला ०.४५ ने गुणले की किलो मिळतात. २० पौंड म्हणजे ९ किलो, ३० पौंड म्हणजे साडेतेरा, ५० पौंड म्हणजे साधारण २२ ते २३ किलो.

ताकदीच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये. स्वस्त तंगसावर तो फुगवून लिहिलेला असू शकतो. जाडी मात्र मोजता येते. चांगल्या एकतारी नायलॉनचा साधारण हिशेब असा: ०.३० मि.मी. ला ५ ते ६ किलो, ०.४० ला ९ किलोच्या आसपास, ०.५० ला १३-१४ किलो आणि ०.६० ला १८ ते २० किलो. पाकिटावर ०.३० मि.मी. आणि पुढे १५ किलो लिहिले असेल, तर तो एकतारी नायलॉन नाही किंवा आकडा खरा नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जाडी थोडी वाढली तरी ताकद बरीच वाढते, कारण ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. ०.३० वरून ०.४० वर गेलात तर ताकद पावणेदोन पट होते. ०.६० वर गेलात तर चौपट. म्हणून एक पायरी जाड तंगूस घेताना खर्च थोडा वाढतो, पण तुटण्याची भीती बरीच कमी होते.

कुठे कोणता वापरावा

बहुतेक शेतकरी आणि संस्थेचे सभासद बांबूच्या काठीला दोरा बांधून मरळ धरतात. चकरी नसते. अशा वेळी ०.५० मि.मी. चा एकतारी नायलॉन तंगूस घ्यावा. गचपण दाट असेल आणि दोन किलोच्या वरच्या मरळी दिसत असतील तर ०.६०. लांबी काठीएवढी किंवा हातभर जास्त ठेवावी, त्याहून लांब नको. मरळ लागताच तिला वळू न देता तोंड वर उचलून काठाकडे आणायचे असते. लांब दोऱ्याने ते जमत नाही. या काठीला विणीचा दोरा बांधू नये. ताण नसल्यामुळे सगळा हिसका बांबूच्या शेंड्यावर येतो आणि शेंडा मोडतो. नाहीतर माशाचा ओठ फाटून मासा जातो.

चकरीची काठी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे विणीचा दोरा उत्तम. मोकळ्या कडेला ३० पौंडी चालतो, जलपर्णी आणि बेशरममध्ये ५० पौंडी हवा. चकरीचा ब्रेक आधी हाताने ओढून पाहा. घट्ट हवा, पण पूर्ण आवळलेला नको. रिळावर दोरा भरताना आधी पाच-सहा वेढे एकतारी नायलॉनचे घ्यावेत आणि त्यावर विणीचा दोरा जोडावा, म्हणजे तो रिळावर गरगर घसरत नाही. दर तीन-चार माशांनंतर टोकाचा वीतभर भाग बोटांतून फिरवून पाहावा. दातांनी खरवडून केसाळ झालेला भाग कापून टाकावा आणि गरी नव्याने बांधावी. वीतभर दोरा वाचवायला जाऊन मासा आणि आमिष दोन्ही गमावणारे मी पाहिले आहेत. मीही त्यांतलाच होतो.

त्याच तलावात रोहू-मृगळसाठी कणकेचा गोळा लावून गरी टाकत असाल, तर हा जाड दोरा चालणार नाही. या माशांचे तोंड मऊ असते, ते आमिष चोखून चाचपतात आणि जाड तंगूस जाणवला की सोडून देतात. त्यांना ०.२८ ते ०.३५ मि.मी. चा एकतारी पुरे. मोकळ्या पाण्यात तो ताणला जाऊन माशाला दमवतो.

कन्हान किंवा वैनगंगेच्या डोहात रात्री शिंगाळा धरायचा असेल तर विणीचा दोरा घरी ठेवा. तिथे खडक आहे, आणि शिंगाळ्याच्या कल्ल्यामागच्या परांचे काटे करवतीसारखे दातेरी असतात. ०.५० ते ०.६० चा एकतारीच टिकतो. शिवड्याची शक्यता असेल तर टोकाला वीतभर बारीक पोलादी तार लावावी. त्याचे जबडे मोठे आणि दातांनी भरलेले असतात.

रात्रीच्या लांब गरीबद्दल एकच नियम सांगतो: उपदोर नेहमी मुख्य दोरीपेक्षा कमकुवत असावेत. मुख्य दोरी पिळाच्या नायलॉनची जाड, उपदोर ०.४० च्या एकतारीचे. एखादी गरी मुळात अडकली तर तेवढा एक उपदोर तुटतो आणि बाकीची दोरी हातात येते. उलट केले तर पन्नास गऱ्यांची दोरी तलावाच्या तळाशी राहते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती म्हशीच्या पायात किंवा पोहणाऱ्या पोराच्या पोटरीत सापडते.

गाठ, भिजवण आणि बादलीची परीक्षा

तंगूस मधोमध क्वचित तुटतो. बहुतेक वेळा तो गाठीपाशी तुटतो. साध्या दोन गाठींनी निम्मी ताकद गेली तरी नवल नाही. विणीचा आणि एकतारी, दोन्ही दोऱ्यांना चालणारी एक सोपी गाठ अशी. दोरा टोकाकडून वीतभर दुहेरी करा आणि ती दुहेरी घडी गरीच्या भोकातून ओवा. दुहेरी दोऱ्याचीच एक सैल साधी गाठ मारा. पुढे उरलेल्या फासातून अख्खी गरी पलीकडे काढा. आता थुंकीने किंवा पाण्याने गाठ ओली करा आणि हळूहळू आवळा. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच दुबळा होतो. उरलेले टोक अगदी गाठीला लागून कापू नका, गव्हाच्या दाण्याएवढे ठेवा.

नवीन तंगूस आणला की त्याची परीक्षा घरीच करता येते. हातभर तंगूस तासभर पाण्यात भिजवावा. एका टोकाला नेहमीच्या गाठीने गरी बांधून ती भक्कम खिळ्याला अडकवावी, दुसरे टोक १० लिटरच्या बादलीच्या कडीला बांधावे. बादली जमिनीपासून चार बोटेच वर राहील असे पाहावे. आता मग्याने पाणी ओतत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात रिकाम्या बादलीचे वजन मिळवा. ०.५० मि.मी. च्या चांगल्या तंगसाने गाठीसह भरलेली बादली पेलली पाहिजे. सहा-सात लिटरलाच तुटला तर आधी गाठ बदलून पाहा. तरीही तुटला तर तो तंगूस माळा ओवायला द्या. परीक्षा करताना पोरांना दूर ठेवा आणि तोंड बाजूला ठेवा, तुटलेला तंगूस चाबकासारखा उलटतो.

साठवणुकीत आपल्याकडे मोठी चूक होते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छपराखाली, खिडकीच्या उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेला नायलॉन एका उन्हाळ्यात वाया जाऊ शकतो. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, कापडी पिशवीत घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावा. रॉकेल, डिझेल आणि फवारणीची औषधे यांच्या शेजारी ठेवू नये. नेहमी वापरातला एकतारी तंगूस दर वर्षी बदलावा. बोटांत धरून नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघत असेल किंवा लहान गाठ मारताच कट्कन तुटत असेल, तर वर्षाची वाट पाहू नका.

मांजा गरीला नको, गरीचा तंगूस पतंगाला नको

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत हा विषय टाळता येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे. तरी संक्रांतीला गळे चिरतातच. मासेमारीचा दोरा म्हणून एकतारी नायलॉन मागणारे गिऱ्हाईक या दिवसांत खरोखर मासे धरणारे आहे का, हा प्रश्न दुकानदाराला पडतो आणि पडायलाच हवा. संस्थेसाठी घाऊक तंगूस घ्यायचा असेल तर संस्थेच्या नावाने पक्के बिल घ्या, ते सोबत ठेवा. उरलेले रीळ पोरांच्या हाती पडू देऊ नका.

उलट दिशेने, झाडाला लटकलेला मांजा काढून गरीला बांधणारीही पोरे असतात. त्यावर काचेची किंवा धातूची भुकटी असते, गाठीत तो स्वतःलाच कापतो, आणि हात कापतो तो वेगळा.

तलावाच्या काठी टाकलेला तंगूस हाही एक प्रकारे मांजाच आहे. नायलॉन कुजत नाही, वर्षानुवर्षे राहतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत सारस येतात. महाराष्ट्रात त्यांचे घर आता जवळजवळ एवढेच उरले आहे. कमळपक्षी, बगळे, पाणकावळे तर प्रत्येक तलावावर आहेत. लांब पायांत तंगसाचे वेटोळे अडकले की पक्षी उडू शकत नाही. म्हणून तुटलेला, कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून घरी आणावा, कात्रीने बोटभर तुकडे करून बाटलीत बंद करून कचऱ्यात द्यावा. जाळू नये, पाळीवर पुरूही नये. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर संस्थेने एक दिवस ठरवून बेशरममध्ये अडकलेला जुना तंगूस आणि जाळ्यांचे तुकडे काढावेत. विस्तार कार्यकर्त्यांनी बोटुकली वाटपाच्या सभेतच ही तारीख ठरवून घेतली तर ती पाळली जाते, नंतर कोणी फिरकत नाही.

कोणती मरळ धरावी, कोणती सोडावी

पावसाळ्यात मरळ गवताळ कडेला अंडी घालते. नंतर लालसर पिलांचा घोळका पाण्यावर खदखदताना दिसतो आणि त्याखाली आई-बाप राखण करत असतात. या वेळी घोळक्याजवळ काहीही टाकले तरी ती भूक नसताना चिडून झडप घालते, म्हणून तिला धरणे फार सोपे असते. राखण करणारा मासा गेला की पिले बाकीच्या माशांच्या तोंडी जातात.

बोटुकली सोडलेल्या शेततळ्यात तुम्हाला मरळ नकोच असेल, तर तिथे तिला कधीही काढा, पिलांचा घोळकाही बारीक जाळीच्या पागाने उचला. पण गावचा मालगुजारी तलाव वेगळा. तिथे मरळ ही ढिवर कुटुंबांची पिढ्यानपिढ्यांची कमाई आहे, आणि ती कमाई बोटुकलीवर खर्च न करता मिळते. तिथे जून ते सप्टेंबर पिलांवर बसलेल्या मरळीला हात लावू नये. तलाव ज्या संस्थेकडे ठेक्याने असेल तिच्या परवानगीशिवाय गरी टाकूच नये. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे, तिथे तंगूस कोणता हा प्रश्नच येत नाही.

आमिषासाठी बेडूक धरण्याची जुनी पद्धत सोडावी. मोठा पिवळा-हिरवा बैलबेडूक वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, शिवाय तोच तुमच्या बांधीतले किडे खातो. रबरी बेडकावर मरळ तेवढ्याच जोरात येते. नाहीतर गांडूळ आणि झिंगे आहेतच.

मरळ विकायची असेल तर गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करा. दोरा ताणलेला ठेवलात तर मासा सुटत नाही, आणि गरी काढताना जबडा फाटत नाही. पकडलेली मरळ रुंद तोंडाच्या ड्रममध्ये थोड्याच पाण्यात ठेवावी, म्हणजे तिला वर येऊन श्वास घेता येतो. तोंडावर जाळी घट्ट बांधावी, कारण ती उडी मारते. काठोकाठ पाणी भरून झाकण लावले तर ती पाण्यातच गुदमरून मरते, आणि मेलेल्या मरळीला जिवंत मरळीचा भाव कोणी देत नाही.

तलावात मरळ किती आहे आणि बोटुकलीचे किती नुकसान होत आहे याचा अंदाज येत नसेल, तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात किंवा नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारावे. जाताना धरलेल्या मरळींची संख्या, वजन आणि तारीख लिहिलेली वही सोबत न्यावी. पोट चिरल्यावर आत बोटुकली सापडली असेल तर तीही त्याच पानावर लिहावी.